बोर्डाचा रस्ता

सुरगडाला जायचं तर मुंबई-गोवा महामार्गावर खांबला उतरायचं. नागोठणं मागे पडलं की सुकेळी खिंड लागते, खिंड उतरलं की खांब. तिथून आत वैजनाथ, पुढे घेरा सुरगड आणि मग चढ. गेल्या काही वर्षांत मराठीत गडकोटांवर अमाप लिहिलं गेलं. त्यातल्या सुरगडावरच्या बहुतेक लेखांत खांबचा उल्लेख एका वाक्यात येतो आणि संपतो: अमुक किलोमीटरवर फाटा, तिथे चहा मिळतो, पुढे गावातून वाटाड्या घ्यावा. वर किल्ल्यावर शिलालेख आहे. त्यात किल्ला बांधणाऱ्याचं नाव आहे, हवालदाराचंही आहे. त्याचे फोटो शेकड्यांनी काढले गेले. ज्या रस्त्याने आपण तिथवर आलो त्या रस्त्यावर कुणाचं नाव नाही, आणि त्याबद्दल कुणाला काही विचारावंसंही वाटत नाही.

मी एकदा विचारलं होतं. फाट्यावरच्या टपरीत चहा घेताना म्हटलं, "काका, जुना रस्ता कुठून जायचा?" काकांनी समोरच्या उकरलेल्या महामार्गाकडे बोट केलं. "जुना म्हणजे कुठला? हाच आता जुना व्हायला आला, नवा होईपर्यंत." मग थोडं थांबून म्हणाले, "बोर्डाचा म्हणताय होय?"

"बोर्डाचा" हा शब्द मी आजीकडून ऐकलेला. तिचं माहेर पेणच्या खारेपाटातलं. तिच्या बोलण्यात शाळा 'बोर्डाची' असे, दवाखाना 'बोर्डाचा', विहीर 'बोर्डाची', आणि कुणा नात्यातल्याला मास्तरकी लागली तर तो 'बोर्डात लागला'. लोकल बोर्ड जाऊन जिल्हा परिषद आली त्याला तेव्हा पंचवीस वर्षं होऊन गेली होती. आजीच्या लेखी त्याने काही फरक पडला नव्हता. आम्हा मुलांना मात्र बोर्ड म्हणजे दहावीची परीक्षा घेणारं, एवढंच ठाऊक. एक आख्खी राज्ययंत्रणा आमच्या आणि तिच्या मधल्या पिढीत विरून गेली, आणि ती विरल्याची नोंद कुठे नाही.

कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा, इतिहास मराठीत ज्या पद्धतीने सांगितला जातो त्याबद्दल माझी तक्रार इथून सुरू होते. हा इतिहास चौलपासून निघतो, शिवकाळात स्थिरावतो, आंग्रे आणि सिद्दी यांच्यात झुंजतो, 1818 आणि 1840 या सालांना खाली मान घालून पुढे जातो, चिरनेरला आणि महाडला थांबतो, आणि मग थेट कारखाने, बंदर, विमानतळ. मधली जवळजवळ शंभर वर्षं, 1863 ते 1962, ज्या संस्थेने या जिल्ह्यातल्या खेड्यांचा रोजचा संसार चालवला, किंवा चालवला नाही, ती या कथनात नाही. स्मरणिका आणि वर्धापनदिनाच्या पुरवण्या चाळल्या तर लोकल बोर्ड सापडतं ते अध्यक्षांच्या नामावलीत. एवढ्यावर वाचकाने समाधान मानावं अशी अपेक्षा असते.

याला जबाबदार कोण, असं विचारलं तर मी एका पुस्तकाकडे बोट दाखवीन, आणि ते पुस्तक चांगलं आहे हेही कबूल करीन. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा अकरावा खंड, कुलाबा आणि जंजिरा, 1883 साली निघाला. आजही या जिल्ह्यावर लिहू पाहणारा प्रत्येक जण आधी तिथे जातो, आणि पुष्कळजण तिथून परत येत नाहीत. भात, मीठ, मासे, जाती, बंदरं, घाटवाटा, लेणी, सगळं त्यात आहे. पण गॅझेटिअर माहिती देता देता माहितीची मांडणीही देऊन जातं, आणि मांडणी ही माहितीपेक्षा जास्त टिकते. वर्णन, उत्पादन, लोक, शेती, भांडवल, व्यापार, इतिहास, जमीन, न्याय, महसूल, शिक्षण, आरोग्य, पोटविभाग आणि शेवटी स्थळं, असा क्रम. 'इतिहास' हे त्यातलं एक प्रकरण आहे. म्हणजे बाकीच्या प्रकरणांत जे आहे तो इतिहास नव्हे. आणि 'स्थळं' या प्रकरणात बंदर, किल्ला, लेणं, देऊळ किंवा ठाणं यांपैकी काही असलेल्या गावांनाच खरी जागा. लोकल फंड कुठे आहे? महसुलाच्या प्रकरणात, जमाखर्चाच्या पोटात. मराठी इतिहासलेखकांनी कॅम्पबेलच्या निष्कर्षांशी भांडणं केली, त्याच्या वंशविषयक कल्पनांची टर उडवली, पण त्याची अनुक्रमणिका जशीच्या तशी घेतली. जे त्याने जमाखर्चात टाकलं ते आपणही जमाखर्चात टाकलं.

तो जमाखर्चाचा भाग वाचण्यासारखा आहे. 1863पासून मुंबई इलाख्यात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी घ्यायला सुरुवात झाली. बार्टल फ्रिअर तेव्हा गव्हर्नर. 1869च्या कायद्याने या पट्टीला कायद्याचा आधार मिळाला. कुलाबा ठाण्यापासून सुटून स्वतंत्र जिल्हा झाला तेही 1869मध्येच. गोळा झालेल्या पैशातले दोन तृतीयांश रस्त्यांसाठी, एक तृतीयांश शाळांसाठी. त्यात तरीचं उत्पन्न, टोलाचं उत्पन्न आणि कोंडवाड्याचं उत्पन्न मिसळायचं. खर्चावर देखरेख करायला जिल्ह्याची एक समिती आणि तालुक्याची एक. जिल्ह्याच्या समितीत सरकारी बाजूने कलेक्टर, त्याचे साहाय्यक, कार्यकारी इंजिनिअर, शिक्षणाधिकारी. बिनसरकारी बाजूने एक इनामदार आणि सहा जमीनदार. तालुक्याला मामलेदार आणि ओव्हरसिअर होते, आणि समोर एक इनामदार व तीन जमीनदार.

ही रचना सावकाश वाचा. 'लोकल' काय आहे त्यात? पैसा लोकल आहे. तो कुठे खर्चायचा हे अलिबागला ठरतं, आणि ठरवणारा हुकमाने ठरवतो. दोन तृतीयांश रस्त्यांना हा हिशोबही निरागस नाही. धरमतरहून नागोठणं, माणगाव, महाड करत महाबळेश्वराकडे जाणारा रस्ता गॅझेटिअरमध्ये मोठ्या मायेने येतो. मुंबईहून बोटीने खाडीत यायचं आणि घाट चढून थंड हवेला जायचं, ही साहेबी वाट. त्या वाटेवरच्या गावांना तिचा उपयोग झाला नाही असं मी म्हणत नाही, भाताची गाडी त्याच वाटेने नागोठण्याच्या बंदरात गेली. पण सुकेळीच्या अलीकडच्या-पलीकडच्या वाडीवरच्या माणसाने पावसाळ्यात नदी कशी ओलांडायची, हा प्रश्न त्या दोन तृतीयांशात कुठे बसत होता, हे विचारायला समितीत त्याचं कुणी नव्हतं.

त्याच वर्षी, 1883मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत आपल्याकडे नाही. एक इंग्रजीत, सरकारी, छापखान्यातून सुबक बाहेर पडलेला. दुसरा मराठीत, आणि तेव्हा पूर्ण छापलाही न गेलेला. दोघांचा विषय एकच, इलाख्यातली जमीन आणि तिच्यावर जगणारी माणसं. कॅम्पबेल लोकल फंडाची बेरीज देतो. फुले त्या फंडाचा पैसा येतो कुणाच्या घरातून आणि जातो कुणाच्या पोरांच्या शाळेत हे विचारतात. आदल्याच वर्षी हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी हाच मुद्दा अधिक शांत भाषेत मांडला होता: सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे वळतो, लोकल फंडातला मोठा वाटा प्राथमिक शिक्षणाला मिळाला पाहिजे. म्हणजे लोकल बोर्डाच्या इतिहासाचा पहिला टीकाकार बोर्ड जन्माला येण्याआधीच बोलून गेलेला आहे. आपण 'असूड' वाचतो तो ब्राह्मणी वर्चस्वावरचा ग्रंथ म्हणून. तो तसा आहेच. पण तो सार्वजनिक जमाखर्चाचं मराठीतलं पहिलं गंभीर परीक्षणही आहे, आणि या अंगाने त्याच्यावर फार कमी लिहिलं गेलं आहे.

पुढची कथा सरकारी ग्रंथांत नेहमी पायऱ्यांसारखी सांगितली जाते. 1882चा रिपनचा ठराव, 1884चा मुंबई लोकल बोर्ड कायदा, 1923चा सुधारित कायदा, 1938मध्ये तालुका बोर्डं रद्द, 1962मध्ये जिल्हा परिषद. प्रत्येक पायरीवर जनतेला थोडं थोडं देण्यात आलं. क्रियापदं पाहा: देण्यात आले, वाढवण्यात आले, सोपवण्यात आले. महाराष्ट्र शासनाने 1964 साली कुलाबा जिल्ह्याचं सुधारित गॅझेटिअर काढलं, तोवर लोकल बोर्ड जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या मालेतल्या जिल्हा ग्रंथांत स्थानिक स्वराज्याचा कायदेशीर पूर्वेतिहास वाचताना जिल्हा बदलला तरी परिच्छेद बदलल्यासारखा वाटत नाही. रत्नागिरीचं लोकल बोर्ड आणि कुलाब्याचं लोकल बोर्ड यांत फरक आकड्यांचा. जिल्ह्याचं व्यक्तिमत्त्व किल्ल्यांत आणि जत्रांत. राज्यकारभार मात्र सगळीकडे एकच. स्वतंत्र भारतातल्या, मराठी राज्यातल्या ग्रंथाने परक्या साहेबाची अनुक्रमणिका इतक्या इमानाने चालवावी, याचं मला वाईट वाटतं.

कारण कुलाब्यात फरक होता, आणि तो मोठा होता. इथे खोती होती. 1884च्या कायद्याने बोर्डातले काही सभासद निवडून यायला लागले, पण मत कुणाला? जमीन महसूल भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला. इनामदारांना वेगळी जागा. रयतवारी मुलखात या अटीतून निदान बऱ्यापैकी जमिनीचा कुणबी आत शिरू शकत होता. खोती गावात सरकारदरबारी महसूल भरायचा तो खोत. कुळाने खोताला भाताचा वाटा द्यायचा, वर वेठ करायची, आणि खोताने त्यातून सरकारला रोख भरायची. रुपयामागचा तो एक आणा कागदावर खोताने दिला. शेतात तो कुळाने दिला. मत मात्र कागदाला होतं. रोहा, माणगाव, महाड या दक्षिणेकडच्या भागात खोती गावं पुष्कळ. तिथल्या कुळाच्या दृष्टीने लोकल बोर्डाचं 'निवडून आलेलं' असणं म्हणजे खोताचं बोर्डावर बसणं. मग विहीर खोताच्या वाड्याजवळ का निघाली आणि शाळा त्याच्या ओटीवर का भरली, याचं उत्तर कायद्याच्या कलमांत शोधायची गरज नाही.

अलिबाग तालुक्यात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933पासून जवळपास सहा वर्षं चाललेल्या चरीच्या शेतकरी संपाबद्दल आता बरंच लिहिलं गेलंय, आणि बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधानसभेत मांडलेल्या खोती निर्मूलनाच्या विधेयकाबद्दलही. पण ही सगळी चर्चा जमिनीच्या मालकीभोवती फिरते, आणि ते समजण्यासारखं आहे. खोती ही स्थानिक कारभाराचीही चौकट होती, ती 1949च्या कायद्याने मोडली तेव्हा बोर्डाच्या मतदारयादीचाही पायाच बदलला, हे मात्र सहसा कुणी जोडून पाहत नाही. जमिनीचा इतिहास एका कपाटात, स्वराज्य संस्थांचा दुसऱ्या कपाटात. कपाटं पुन्हा कॅम्पबेलचीच.

आता पाण्याकडे येतो. महाडच्या चवदार तळ्याची कथा प्रत्येक मराठी वाचकाला माहीत आहे. त्या कथेची सुरुवात 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेल्या ठरावाने होते, हेही बहुतेकांना माहीत असतं. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा तो ठराव सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा, शाळांचा आणि दवाखान्यांचा होता. सार्वजनिक पैशातून! खेड्यापाड्यात सार्वजनिक पैसा म्हणजे कुठला? लोकल बोर्डाचा. धर्मशाळा, विहिरी, दवाखाने, शाळा ही यादी म्हणजे लोकल फंडाच्या खर्चाचीच यादी आहे. महाड नगरपालिकेने 1924मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला म्हणून ती इतिहासात आली. बोर्डाच्या शेकडो विहिरी इतिहासात आल्या नाहीत. 1926मध्ये बोल्यांनी पुन्हा ठराव आणला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं अंमल करणार नाहीत त्यांचं अनुदान रोखावं. हा दुसरा ठराव का आणावा लागला, हे त्याच्या शब्दांतच लिहिलेलं आहे.

मार्च 1927मध्ये महाडला जी परिषद भरली तिचं नाव लक्षात घ्या: कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. जिल्ह्याची परिषद. आलेली माणसं महाड शहरातली थोडी, बाकी खेड्यांतली. ज्यांच्या गावी नगरपालिका नव्हती, होतं ते लोकल बोर्डच. ती माणसं तळ्याकडे चालत गेली तेव्हा ती एका तळ्याच्या हक्कासाठी गेली, हे खरं. पण आपापल्या गावच्या बोर्डाच्या विहिरीचं पाणीही त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. चवदार तळ्याचा खटला दहा वर्षं चालला आणि 1937 साली उच्च न्यायालयात निकाली निघाला. विहिरींचे खटले झाले नाहीत. तिथे मिरवणूक नव्हती, वकील नव्हते, लिहिणारा नव्हता. एखाद्या बाईने वरून कुणी ओतेल म्हणून घागर घेऊन बसून राहायचं, एवढीच घटना. आणि तशी ती वर्षानुवर्षं, रोज सकाळी घडत राहिली. एक आणा पट्टी त्या बाईच्या घरच्या वेठीतूनही गेली होती. लोकल बोर्डाचा इतिहास लिहायचा तर त्याचं पहिलं प्रकरण हे असायला हवं, रिपनचा ठराव नव्हे.

मराठी ललित साहित्यात तरी हे बोर्ड सापडतं का, म्हणून मी काही काळ शोधत होतो. हाती फार लागलं नाही. आपल्या कादंबरीतला सर्वांत लाडका खेडेगावातला मास्तर म्हणजे 'बनगरवाडी'तला, आणि त्याची शाळा संस्थानी. त्याच्या गावात राजा स्वतः येतो. लोकल बोर्डाच्या मास्तराच्या गावात राजा येत नसे, डेप्युटी येत असे, आणि डेप्युटी ही काही कादंबरी लिहावी अशी व्यक्ती नाही. बदलीसाठी अलिबागला हेलपाटे घालणारा, पगार उशिरा झाला म्हणून वाण्याकडे उधारी ठेवणारा, फायनल पास झालेला, गावातल्या सगळ्यांचे अर्ज लिहून देणारा हा माणूस आपल्या घराघरांत आजोबा म्हणून होता. आत्मचरित्रांच्या पहिल्या प्रकरणात तो दिसतो, दुसऱ्या प्रकरणात लेखक शहरात जातो.

एक शब्द मात्र साहित्यात पोचला. कोंडवाडा. मोकाट गुरं डांबायची जागा, आणि सोडवायला भरायचा दंड लोकल फंडाच्या खात्यात. रानात चराईवर जगणाऱ्या धनगराच्या, ठाकराच्या, कातकऱ्याच्या दृष्टीने लोकल बोर्डाशी आलेला पहिला संबंध हा. शाळेची पायरी नंतर कधीतरी, दंडाची पावती आधी. दया पवारांनी 1974 साली आपल्या कवितासंग्रहाला हेच नाव दिलं. त्या नावावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिलं, प्रतिमा म्हणून, जातिव्यवस्थेचं रूपक म्हणून. माझी एवढीच पुस्ती, की कोंडवाडा रूपक होण्याआधी गावच्या वेशीवरची एक भिंत होती आणि तिच्या उत्पन्नाला स्थानिक स्वराज्य म्हणत असत.

बोर्डाची बाजू अजिबात नाही असं नव्हे, आणि ती न सांगणं लबाडी होईल. 1923च्या कायद्याने निवडून आलेले बहुमतात आले, अध्यक्ष निवडला जाऊ लागला, कलेक्टर खुर्चीवरून उठला. त्याच साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा होऊन शाळा स्थानिक संस्थांच्या हाती आल्या. कुणब्यांच्या, आगऱ्यांच्या पोरांपैकी जी थोडी पहिल्या फळीत शिकली ती यातल्याच शाळांत. देवीची लस टोचायला माणूस आला तो याच व्यवस्थेतून. राजकारण कसं करायचं, ठराव कसा मांडायचा, सभेत विरुद्ध मत नोंदवून बाहेर येऊन त्याच माणसाबरोबर चहा कसा प्यायचा, हे जिल्ह्यातल्या दोन पिढ्या बोर्डात शिकल्या. 1938मध्ये तालुका बोर्डं मोडली याबद्दल मला हळहळ वाटते. ती दुबळी होती, पैसा नव्हता. पण रोह्यात किंवा पेणेत बसून निर्णय घेणारी तेवढीच एक जागा होती, आणि तिची जागा घेणारी पंचायत समिती यायला चोवीस वर्षं जावी लागली. मधल्या काळात खांबच्या माणसाला साकवाची फळी बसवायलाही अलिबागकडे पाहावं लागलं. डोंगराला वळसा घालून.

जिल्ह्याची सीमाही या काळात स्थिर नव्हती. कॅम्पबेलच्या कुलाब्यात पनवेल आणि कर्जत नाहीत. ती ठाण्याच्या खंडात आहेत आणि नंतर इकडे आली. नागोठण्याचा तेव्हा पेणेच्या पोटात वेगळा पेटा होता. आज नागोठणं रोह्यात आहे आणि पेटा हा शब्द मेला. 1948मध्ये संस्थानं विलीन झाली तेव्हा जंजिऱ्याचे मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि भोरकडचा सुधागड जिल्ह्यात आले. म्हणजे ज्यांनी लोकल बोर्ड कधी पाहिलंच नव्हतं अशी गावं बोर्डाच्या शेवटच्या चौदा वर्षांत त्यात आली. वाकणच्या फाट्याला डावीकडे वळलं की पाली, संस्थान. सरळ गेलं की खांब, खालसा. सात-आठ मैलांवरच्या या दोन मुलखांत शाळा, दवाखाना आणि रस्ता यांत काय फरक होता, याची तुलना कुणीतरी करायला हवी होती, दोन्ही बाजू आठवणारी माणसं होती तेव्हाच.

1981मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं. अ. र. अंतुले मुख्यमंत्री होते. कुलाबा जाऊन रायगड झालं, म्हणजे एका किल्ल्याचं नाव जाऊन दुसऱ्या किल्ल्याचं आलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रायगडाचं नाव ल्यायला कुणाला आवडणार नाही. पण 'कुलाबा जिल्हा' या शब्दाबरोबर त्या नावाचे शिक्के, रजिस्टरं, शाळांच्या दाखल्यांचे मथळे हे सगळं एका झटक्यात जुनं झालं, आणि जुनं झालेलं रद्दीत जातं. मी एका गावात शाळेच्या जुन्या रजिस्टरांबद्दल विचारलं तेव्हा पुरात भिजली, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या गावात वाळवीने खाल्ली. तिसऱ्या गावात नुसतं हसले.

या सगळ्यात एक गोष्ट मला सतत खुणावते. लोकल बोर्ड येण्याच्या कितीतरी आधीपासून पेण-अलिबागच्या खारेपाटात एक स्थानिक कारभार चालू होता. समुद्राच्या भरतीला अडवणारे बांध, आतली खारजमीन, आणि बांध राखण्याची जबाबदारी. त्याला शिलोत्री पद्धत म्हणत. बाहेरचा बांध दुरुस्त ठेवण्यासाठी शेतामागे धान्याची पट्टी ठरलेली. उधाणाला खांड पडली की घरटी माणूस टोपली-फावडं घेऊन बांधावर, त्याला जोळ म्हणायचे. जोळात न येणाऱ्याचं काय करायचं ते गावच ठरवी. ही काही रामराज्याची कथा नाही, तिथेही शिलोत्रदार कोण आणि चिखलात उभं राहणारा कोण यांत अंतर होतंच. पण पट्टी कशासाठी दिली आणि तिचं काय झालं हे देणाऱ्याला डोळ्यांनी दिसत होतं: बांध उभा आहे की फुटला. कॅम्पबेलने या पद्धतीची नोंद फार बारकाईने घेतली आहे, जमीन महसुलाच्या प्रकरणात. तिच्यात आणि लोकल फंडात काही नातं असू शकतं असं त्याला वाटलं नाही, नंतरच्यांनाही नाही. 1948च्या खारजमीन कायद्याने बांध सरकारी मंडळाकडे गेले, आणि माझ्या आजीच्या गावच्या शेतांत नंतर केव्हातरी खारं पाणी शिरलं ते अजून आहे. तिथे आता तिवरं वाढलीत. उधाणाच्या दिवशी अर्ज करतात. जोळ हा शब्द तरुण पोरांना सांगावा लागतो.

खांबच्या टपरीतल्या काकांनी मला शेवटी बोर्डाचा रस्ता दाखवला. महामार्गाला सोडून थोडा खालून जाणारा तुकडा, आंब्याच्या दोन झाडांमधला, मध्ये डांबर, कडेला जुनी खडी वर आलेली. 2011पासून महामार्गाचं चौपदरीकरण चालू आहे, त्यात हा तुकडा कुणाच्या मोजणीत आला नाही म्हणून वाचला. काकांनी घरातून सातबारा आणि शेतसाऱ्याची पावती आणून दाखवली होती, मी मागितली नव्हती, त्यांनाच काहीतरी सांगायचं होतं. सारा किती थोडा येतो, आणि त्याच्याखाली दोन ओळी किती मोठ्या, ते पाहा म्हणाले. एक ओळ जिल्हा परिषदेची, एक ग्रामपंचायतीची.

"हे कशाचे घेतात?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, रस्त्याचे आणि शाळेचे. 1863पासून.

"अच्छा," काका म्हणाले, आणि पावतीची घडी घालून खिशात ठेवली.